पडण्याआधी
(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा माझा विषय ठरलेलाच होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर पंधरा-वीस मिनिटं बोल." मी हो म्हटलं, टिपणंही काढली. मग गेल्या महिन्यात ग्रुपवर आपण मेळाव्याला येणाऱ्या शिक्षकांची यादी करत होतो. एका नावापुढे शेरा होता, "सोबत कुणी असेल तर येतील." दुसऱ्यापुढे, "जिना नको, कार्यक्रम तळमजल्यावर घ्या." आणि ज्या बाईंनी आपल्याला भूमिती शिकवली त्यांच्या नावापुढे, "घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, येऊ शकणार नाहीत." ही यादी वाचून मी विषय बदलला. एआयबद्दल तुमची मुलं तुम्हाला रोज ऐकवत असतीलच.

मी पडण्याबद्दल बोलणार आहे. परीक्षेत, धंद्यात, प्रेमात पडण्याबद्दल नाही. बाथरूममध्ये, अंगणात, हॉलमध्ये पडण्याबद्दल. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट नाही. पण आपल्या तुकडीतली एक मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे. तिने हे भाषण आधी वाचलं, दोन ठिकाणी माझे कान उपटले, आणि ती दोन्ही ठिकाणं मी दुरुस्त केली आहेत.

२०२२ च्या पावसाळ्यात माझी आई पहाटे बाथरूमला जाताना पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. मला हे चौथ्या दिवशी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. मी बंगळूरला, आई इथे एकटी. फोनवर चिडले तर म्हणाली, "तुला सांगून तू तिथून काय करणार होतीस?"

आता मी काय केलं ते सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हेच केलं असेल किंवा करणार असाल. मी चार दिवसांची रजा काढून आले आणि घराचा प्रोजेक्ट करून टाकला. बाथरूममध्ये स्टीलचे दांडे बसवले. पायपुसणी बदलली. पडलं की फोनवर निरोप पाठवणारं घड्याळ घेतलं. दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या आणि आईला बजावलं, "आता तू काही करायचं नाहीस. फक्त बसून राहा." प्लास्टर काढलं त्या दिवशी डॉक्टरही तेच म्हणाले, वय झालं, जपून राहा, फार हालचाल नको. आई आज्ञाधारक. आठ महिने ती बसून राहिली.

२०२३ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा पडली. भर दुपारी, हॉलमध्ये, कोरड्या फरशीवर. वाटेत काहीही नव्हतं. बेल वाजली म्हणून खुर्चीवरून उठली, दोन पावलं टाकली आणि पडली. मावशी त्या दिवशी सुट्टीवर होत्या. बेल वाजवणारा कुरियरवाला दार उघडत नाही म्हणून निघून गेला. आईला उठता आलं नाही. जवळजवळ दीड तास ती फरशीवर पडून होती. घड्याळ टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेलं होतं. हाड मोडलं नाही, कपाळाला तीन टाके पडले. पण त्यानंतर ती चालताना भिंत सोडेना.

मी वीस वर्षांहून जास्त काळ सॉफ्टवेअर लिहिते. सिस्टिम बंद पडली की ती कुणाला कळली, किती वेळात कळली, याच्यावर आम्ही भरपूर खर्च करतो. पण ती का बंद पडली हे शोधल्याशिवाय फाइल बंद करत नाही. आईच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं नव्हतं. घड्याळ पडल्यावर बोलणार होतं. दांडे बाथरूममध्ये होते आणि आई हॉलमध्ये पडली.

मग आमच्याकडे फिजिओथेरपिस्ट आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. ती आधी कुठल्याही फरशीकडे बघायला गेली नाही. तिने आईला विचारलं, "काकू, पडायच्या आधीच्या मिनिटाला काय करत होता? चक्कर आली की पाय अडखळला की पायच उचलला गेला नाही?" मला हा प्रश्न फार ओळखीचा वाटला. आमच्याकडे नवीन मुलांना पहिलं हेच शिकवावं लागतं.

आईचा रक्तदाब तिने आडवं झोपवून घेतला, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घेतला. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगायची असते, कारण अशी माणसं उठता उठता पडतात. आईचा उतरला नाही. तिच्या सगळ्या गोळ्या मागवून बघितल्या. त्यात झोपेची एक गोळी होती, कुणी कधी सुरू केली ते आईलाही आठवत नव्हतं. झोपेच्या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो. ती नंतर डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद केली. मनाने एकदम बंद करू नका, हे मैत्रिणीने मला दोनदा बजावून सांगायला लावलं आहे.

मग परीक्षा. पहिली : खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालत जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. नेहमीच्या चालीने, घाई न करता. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. आईला २१ लागले. दुसरी : दोन्ही हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला निदान दहा वेळा यावं. हाताचा आधार घेतला तर गुण शून्य. आईला आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही. म्हणजे शून्य. जन्मात नापास न झालेली बाई, मराठीची शिक्षिका होती, तिचं तोंड एवढंसं झालं.

तिसरी परीक्षा एका पायापुढे दुसरा, टाच अंगठ्याला लावून दहा सेकंद उभं राहण्याची. तीन सेकंदांत भिंत धरली.

त्या मुलीने माझ्याकडे वळून विचारलं, "गेल्या आठ महिन्यांत काकू खाली जमिनीवर किती वेळा बसल्या?" एकदाही नाही. "केर काढला? कपडे वाळत घातले? जिना?" नाही, नाही, नाही. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, काकूंचा होता तेवढा व्यायाम तुम्ही काढून घेतलात."

याच्यावर मला अजूनही काही उत्तर सुचलेलं नाही.

थोडं शरीराचं सांगते. एस.टी.त उभ्याने प्रवास आपण सगळ्यांनी केलाय. कंडक्टरने डबल बेल दिली, गाडीने हळू धक्का दिला, तर आपण फक्त घोट्यातून सावरतो, शेजारच्याला कळतही नाही. जरा मोठा धक्का बसला की कमरेतून वाकून सावरतो. त्याहून मोठा बसला तर पाऊल टाकावं लागतं, झटकन आणि लांब. वय वाढतं तसे घोट्याचे आणि मांडीचे स्नायू बारीक होतात, त्यातही झटकन काम करणारे तंतू आधी जातात. मग तिसरं उत्तर, ते पाऊल, उशिरा पडतं आणि आखूड पडतं. आई हॉलमध्ये पडली तेव्हा बहुधा एवढंच झालं होतं. तोल सगळ्यांचाच जातो, तुमचाही दिवसातून दहादा जातो. तो सावरायचा असतो आणि ते काम पायांचं आहे.

तोल जातोय हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं : डोळे, आतल्या कानातली यंत्रणा, आणि पायाचे तळवे व सांधे. एखादं बंद पडलं तर उरलेली दोन निभावून नेतात. पण ज्याला वर्षानुवर्षं मधुमेह आहे त्याच्या तळव्यांची जाणीव अनेकदा मंदावलेली असते. तो माणूस पहाटे चार वाजता दिवा न लावता बाथरूमला निघाला की डोळेही गेले. तीनातली दोन बाद. आमच्या क्षेत्रात अशा अवस्थेत कुणी यंत्रणा चालू ठेवणार नाही, आणि घरोघरी आपली माणसं 'इतरांची झोपमोड नको' म्हणून अंधारातच जातात. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर एक छोटा दिवा ठेवा. या भाषणातली सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच.

आता मुद्द्याची गोष्ट : व्यायामाने खरंच पडणं कमी होतं का? मी इंजिनिअर, मला आकडे लागतात. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातल्या लोकांनी यासाठी घरच्या घरी करायचा एक व्यायामक्रम तयार केला. फिजिओथेरपिस्ट घरी येऊन शिकवते, मधूनमधून येऊन तो अवघड करत जाते, बाकी आपलं आपण करायचं. १९९७ मध्ये त्याची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली ती ऐंशी आणि त्याहून जास्त वयाच्या बायकांवर. ऐंशी! म्हणजे "आता या वयात काय" हे वाक्य तिथेच बाद. पुढच्या चाचण्या एकत्र केल्यावर पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. २०१९ मध्ये सगळ्या प्रकारच्या व्यायामांचा एक मोठा आढावा झाला, १०८ चाचण्या, तेवीस हजारांवर माणसं. त्यात सरासरी घट २३ टक्के निघाली. तोलाचे व्यायाम आणि रोजच्या हालचालींसारखे व्यायाम यांचा पुरावा सगळ्यात भक्कम. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं मात्र त्यातून ठामपणे दिसलं नाही. सर, तुम्ही रोज सकाळी घाटावर चालायला जाता, जरूर जा, हृदयाला ते चांगलंच आहे. पण "मी रोज चालतो" म्हणून इथून सुटका नाही.

आईचे व्यायाम सुरू झाले स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. ओटा का, तर धरायला पक्का आणि कमरेइतका उंच. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, दहा वेळा. मग चवडे उचलून टाचांवर. ओटा धरून बाजूला चालणं, खेकड्यासारखं. मग उलटं चालणं. टाचेला अंगठा लावून एका रेघेत चालणं. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करणं, घोट्याला वजन बांधून. ही वजनं बाजारात मिळतात, पण आईने माझ्या जुन्या जीनच्या पिशव्या शिवल्या, त्यात वाळू भरली आणि वाण्याकडे जाऊन अर्धा-अर्धा किलो मोजून आणली. आणि खुर्चीवरून उठणं-बसणं. पहिले दोन आठवडे खुर्चीवर दोन उशा ठेवून, म्हणजे उठायला अंतर कमी. मग एक उशी काढली. मग दुसरी. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास.

यातली मेख अशी की व्यायाम जरा अवघड वाटला पाहिजे. ओटा दोन्ही हातांनी घट्ट धरून पाच वर्षं तेच केलं तर काही होत नाही. दोन हात, मग एक हात, मग दोन बोटं, मग हात ओट्यावर नुसता तरंगता. म्हणूनच शिकवणारं माणूस लागतं. कधी वाढवायचं, कुणाला कुठे थांबवायचं, गुडघा दुखतोय तर काय बदलायचं हे व्हिडिओ बघून कळत नाही. मी आधी आईला व्हिडिओच पाठवले होते. तिने ते बहिणींच्या ग्रुपवर पुढे पाठवले. व्यायाम कुणीच केला नाही.

आणि कंटाळा. हे कुणी सांगत नाही. हे व्यायाम अतिशय कंटाळवाणे आहेत. पहिला महिना आई रोज कारणं द्यायची : आज चतुर्थी, आज पाणी आलंय, आज पाहुणे. शेवटी मी संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल लावून समोर तेच करायला लागले. पंचेचाळिशीला मला एका पायावर डोळे मिटून दहा सेकंद उभं राहता येत नाही हे तेव्हा कळलं. हसू नका, आज रात्री घरी, बाजूला धरायला टेबल ठेवून, करून बघा.

मग त्या मुलीने चालता चालता बोलायला लावलं. १९९७ मध्येच स्वीडनमधल्या काही संशोधकांना असं दिसलं होतं की बोलायला लागलं की ज्या वृद्धांना चालणं थांबवावं लागतं ते पुढे जास्त पडतात. चालण्याला त्यांचं सगळं लक्ष लागतं, बोलायला उरत नाही. आईला एका रेघेत चालताना भाज्यांची नावं घ्यायची होती. पहिल्या दिवशी ती दोडक्यापाशी थांबली आणि तिथेच उभी. आता हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पालेभाज्या आणि परत येताना कंदमुळं होतात.

चार महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतली. एकवीस सेकंदांचे तेरा झाले. खुर्चीवरून हात न लावता आठ वेळा. अजून दोन्हीत पास नाही, हे आई स्वतःच सगळ्यांना सांगते. पण भिंत सुटली, आणि माझ्या लेखी तो आकडा सगळ्यात मोठा आहे. भीतीने माणूस हालचाल कमी करतो, कमी हालचालीने पाय आणखी कमजोर होतात, मग भीती खरी ठरते. हे चक्र मी स्वतःच्या हाताने सुरू करून दिलं होतं.

इथे लंगडीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मागच्या मैदानावर आपण जी लंगडी खेळायचो, तिच्यात एका पायावर तोल, उडी, दिशा बदलणं, समोरच्यावर लक्ष, सगळं होतं. फुगडी, झिम्मा तेच. आमच्या पी.टी.च्या सरांनी एका पायावर उभं राहण्याची शिक्षा दिली की आम्ही त्यांना मनात काय काय म्हणायचो ते आज सांगत नाही. सर, वर्षातून दोन-चारदा तरी द्यायला हवी होती ती शिक्षा, पुढची तीस वर्षं. खाली मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून भाजी निवडणं हेसुद्धा उठ-बसच होती. डायनिंग टेबल आलं, कमोड आला, गुडघे वाचले, आणि जमिनीवरून उठायची सवय मोडली. ज्यांचे गुडघे खराब आहेत त्यांनी हे ऐकून उद्या खाली बसू नका. पण ज्यांना अजून बसता येतं त्यांनी ते सोडू नका.

बारीकसारीक दोन गोष्टी. वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या चष्म्यातून जिना उतरताना पायरी धूसर दिसते, तेव्हा जिन्यावर कठडा धराच. घरात टाच उघडी, झिजलेली स्लिपर नको. आणि अंथरुणात कूस बदलली की काही सेकंद घर फिरतं असं होत असेल तर 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक पिऊ नका. आतल्या कानातले बारीक कण जागा सोडून भलतीकडे गेले की असं होतं. डोकं ठरावीक पद्धतीने वळवून ते जागेवर आणता येतात, पुष्कळदा एक-दोन भेटींत. जाणकाराकडून करून घ्या, घरी नको.

आई तिसऱ्यांदा पडली ती मागच्या वर्षीच्या दिवाळीत. अंगण धुऊन रांगोळी काढायला गेली, ओल्या शहाबादीवरून पाय सरकला. म्हणजे व्यायाम करूनही पडली. मी खोटं सांगणार नाही, पडणं कमी होतं, संपत नाही. पण त्या मुलीने तिला उठायचं शिकवलं होतं, हॉलमध्ये सतरंजी घालून, दर पंधरा दिवसांनी. पडल्यावर आधी घाई करायची नाही. पडून राहून हातपाय हलवून बघायचे, कुठे जोरात दुखतंय का. दुखत असेल तर उठायचं नाही, हाक मारायची, अंगावर काही ओढून ऊब ठेवायची. नसेल दुखत तर कुशीवर वळायचं, कोपरावर, मग दोन्ही हात आणि गुडघ्यांवर यायचं. रांगत जवळच्या खुर्चीपाशी किंवा कट्ट्यापाशी जायचं. त्यावर हात टेकायचे, बळकट पाय पुढे घेऊन तळवा जमिनीवर रोवायचा, जोर देऊन उठायचं आणि वळून बसायचं. आणि थोडा वेळ बसूनच राहायचं.

आईने हे सगळं केलं. रांगत तुळशीच्या कट्ट्यापर्यंत गेली, उठली, बसली. मग रांगोळी पूर्ण केली. मला फोन केला तो त्याच दिवशी, अर्ध्या तासात. "अगं, पडले होते. उठलेही. गुडघा खरचटलाय. तू येताना चकलीचा सोऱ्या आणशील का, आपला मोडलाय."

आता जेवणाची वेळ झाली आहे, समितीचे लोक हातवारे करतायत. जेवणानंतर आठवी 'ब'च्या वर्गात चार खुर्च्या मांडल्या आहेत, हात नसलेल्या, पाठ भिंतीला टेकवून. आपली मैत्रीण तिथे स्टॉपवॉच घेऊन बसणार आहे, मी आकडे लिहून घेणार आहे. सगळ्या सरांनी आणि बाईंनी यायचं. जेवल्या जेवल्या नको, तासाभराने या. वर्गमित्रांनो, तुम्हीही या, गुण फळ्यावर लावणार नाही. आणि भूमितीच्या बाईंच्या घरी उद्या सकाळी दहा वाजता आम्ही दोघी जाणार आहोत. बाईंनी फोनवर विचारलंय, येताना पट्टी आणायची का.